श्वेडगॉन पॅगोडा पहिल्यांदा बघायला जाताय? चपला पिशवीत घ्या आणि जन्मवार विचारून जा

म्यानमारमधल्या (पूर्वीच्या ब्रह्मदेशातल्या) यांगून शहरात टेकडीवर श्वेडगॉन पॅगोडा आहे. पहिल्यांदा त्याच्या वरच्या फरशीवर पोचलो, तेव्हा मी पंधरा मिनिटं दार शोधत होतो. सोन्याचा एवढा थोरला स्तूप समोर उभा, लोक भोवती फिरतायत, मेणबत्त्या लावतायत, मूर्तींवर पाणी घालतायत. पण आत कुणी जाताना दिसेना. एक फेरी झाली, दुसरी झाली. शेवटी एका फुलवालीला हातवारे करून विचारलं. ती आधी हसली आणि मग तिने मूठ घट्ट आवळून दाखवली. भरीव आहे.

चूक अगदीच माझी नव्हती. मुंबईजवळचा गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला, पण तो आतून पोकळ आहे. आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतील एवढा घुमट. तो पाहिलेला माणूस मूळ पॅगोड्यातही तसंच दालन असणार असं धरून चालतो. त्यात आपल्याला देऊळ म्हटलं की गाभारा हवा. इथे गाभारा नाही, एकच एक मुख्य मूर्ती नाही, दर्शनाची रांग नाही. जे काही आहे ते स्तूपाभोवतीच्या फरशीवर आहे, आणि ते चालत, थांबत, बसत बघायचं आहे. ज्यांना हे ठाऊक नसतं ते अर्ध्या तासात चार फोटो काढून खाली उतरतात. निदान तीन तास हाताशी ठेवा.

महाराष्ट्रातून इथे येणारे बहुतेक जण दोन कारणांनी येतात. एक विपश्यना ही ध्यानपद्धती; तिचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांना ती याच शहरात त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून मिळाली. दुसरं बाबासाहेब; १९५४ च्या डिसेंबरात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला आले होते. रंगून म्हणजेच आजचं यांगून. तुमचं कारण कोणतंही असो, पायऱ्या त्याच आहेत.

१. आधी व्हिसा, आणि त्याच्याही आधी परिस्थितीचा अंदाज

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तेव्हापासून देशाच्या मोठ्या भागात लढाई चालू आहे. यांगून त्या मानाने शांत असलं, तरी तिकीट काढण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा. प्रवास विमा घेताना, अशी सूचना लागू असलेल्या देशात तो चालतो का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधा. विक्रेता "हो, चालतो" म्हणाला म्हणून गप्प बसू नका.

व्हिसा ऑनलाइन निघतो. पर्यटक ई-व्हिसावर २८ दिवस राहता येतं आणि मंजुरीचं पत्र ९० दिवस चालतं, म्हणजे तेवढ्या अवधीत देशात पाऊल टाकायचं. शुल्क मी भरलं तेव्हा ५० अमेरिकी डॉलर होतं. इथली पहिली खाच अशी, की सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं शोधयंत्रात वर येतात आणि त्याच कामाचे दुप्पट पैसे घेतात. पत्ता नीट बघूनच कार्डाचा नंबर टाका. दुसरी खाच नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असेल तर अर्जातही अगदी तसंच टाका. अर्जात एक आणि पासपोर्टवर दुसरं, हे विमानतळावरच्या काउंटरवर फार महागात पडतं.

मुंबईहून जाताना मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागेल असं धरून चाला. मी बँकॉकमार्गे गेलो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट यांगूनला मिळतं. यांगूनचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे असतं.

२. सोबत काय असावं

कागद:

- पासपोर्ट, किमान सहा महिने वैध
- ई-व्हिसाच्या मंजुरीपत्राच्या दोन छापील प्रती (फोनमधल्या प्रतीवर विसंबू नका, वीज आणि नेट दोन्ही तिथे दगा देतात)
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण, छापून
- पासपोर्टची झेरॉक्स. पॅगोड्यावर जाताना ही खिशात ठेवा, मूळ पासपोर्ट हॉटेलात

पॅगोड्यासाठी वेगळी पिशवी:

- चपला मावतील अशी कापडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी (ही सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे सांगतो)
- पाण्याची बाटली आणि ओले टिश्यू
- पातळ ओढणी किंवा पंचा
- क्याटच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, छोट्या नोटा
- पावसाळा असेल तर छत्रीऐवजी रेनकोट, कारण प्रदक्षिणेच्या गर्दीत छत्री लोकांच्या डोळ्यांत जाते

पैशांबद्दल एवढंच, की डॉलर न्यायचे तर कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा ठिपकाही नसलेल्या नोटा न्या. पाकिटात मध्ये घडी पडलेली माझी एक नोट न घेता परत केली गेली होती. बदली अधिकृत ठिकाणीच करा आणि कार्ड सगळीकडे चालेल अशी आशा बाळगू नका.

३. घरून निघण्यापूर्वी जन्मवार शोधून ठेवा

तारीख नव्हे, वार. बर्मी माणसाची ओळखच वारावर चालते. पारंपरिक पद्धतीत नावाचं पहिलं अक्षरही वारावरून ठरतं. श्वेडगॉनच्या वरच्या फरशीवर, स्तूपाच्या पायथ्याशी आठ दिशांना आठ स्थानं आहेत आणि प्रत्येक वाराला एक दिशा, एक ग्रह, एक प्राणी. वार सात आणि दिशा आठ, तेव्हा बुधवारचे दोन भाग केलेत.

- रविवार: ईशान्य, गरुड
- सोमवार: पूर्व, वाघ
- मंगळवार: आग्नेय, सिंह
- बुधवार, दुपारी बारापर्यंत: दक्षिण, सुळे असलेला हत्ती
- बुधवार, दुपारी बारानंतर: वायव्य, बिनसुळ्यांचा हत्ती (याचा ग्रह राहू)
- गुरुवार: पश्चिम, उंदीर
- शुक्रवार: उत्तर, गिनीपिग
- शनिवार: नैऋत्य, नाग

नवग्रहांना तेल-तीळ वाहणाऱ्या माणसाला यात काही परकं वाटायला नको. राहूसुद्धा ओळखीचाच निघाला.

माझी पंचाईत नेमकी इथे झाली. जन्म बुधवारचा एवढं माहीत होतं, पण वेळ? दाखल्यावर वेळ नसते. फरशीवर उभं राहून आईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली होती, पोरांचा नुसता गलका चालला होता, तेव्हा तू झालास." मधली सुट्टी किती वाजता, यावर मायलेकरांची दोन मिनिटं चर्चा झाली, रोमिंगच्या दराने. शेवटी दीड वाजता असं ठरलं आणि मी बिनसुळ्यांच्या हत्तीकडे गेलो. तुम्ही हे घरीच उरकून घ्या. वार माहीत नसेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये जन्मसालापर्यंत मागे गेलं की दिसतो.

४. महिना आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा जीव घेतो आणि मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस. पावसात संगमरवरी फरशी इतकी घसरडी होते, की अनवाणी पायाने तिच्यावर चालणं ही कसरतच असते. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पावसाळा टाळा.

तबाउंग या बर्मी महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे साधारण मार्चमध्ये, पॅगोड्याची जत्रा भरते. गर्दी आवडणाऱ्याने जावं. शांतता हवी त्याने कुठलीही पौर्णिमा टाळावी.

एक गोष्ट विचारून घ्या: सोन्याच्या डागडुजीचं काम चालू आहे का? काही वर्षांच्या अंतराने स्तूपाला बांबूचा परांचा बांधून वर चटया लावतात आणि नवा मुलामा चढवतात. त्या काळात गेलात तर सोनं कमी आणि चटया जास्त दिसतील. मला स्वतःला तो बांबूचा सांगाडाही बघण्यासारखा वाटतो, पण आयुष्यात एकदाच येणाऱ्याला वाईट वाटेल.

दिवसातली वेळ म्हणाल तर दुपारी चारच्या सुमारास वर पोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. उजेडात, मावळतीला आणि दिव्यांत अशी तीन रूपं एकाच तिकिटात दिसतात. भर दुपारी जाऊच नका. फरशीवर चालायला चटयांचा पट्टा अंथरलेला असतो, पण त्याच्या बाहेर पाऊल पडलं की तव्यावर पडल्यासारखं वाटतं. पहाटेही सुंदर असते, गर्दी नसते आणि म्हातारी माणसं माळ ओढत बसलेली असतात. संध्याकाळी उशिरा परतणार असाल तर रात्रीच्या संचारबंदीचा नियम काय चालू आहे, ते हॉटेलात विचारून मगच निघा.

५. दार निवडा आणि ते डोक्यात पक्कं करा

टॅक्सीवाल्याला "श्वेडगॉन फया" म्हणा. फया म्हणजे पॅगोडा, आणि बुद्धालाही फयाच म्हणतात. तो विचारेल, कुठलं दार? चार दिशांना चार जिने आहेत, छत घातलेले, लांबलचक, प्रत्येकाच्या तोंडाशी सिंहासारख्या प्राण्यांची प्रचंड जोडी. या प्राण्याला चिंदे म्हणतात. मुख्य दार दक्षिणेचं. पूर्वेच्या जिन्यावर फुलं, सोन्याचा वर्ख, चंदनाच्या माळा, पोथ्या, थनाकाच्या (बर्मी लोक उगाळून गालाला लावतात त्या झाडाच्या) खोडांचे तुकडे असा बाजार आहे आणि मला तो चारही जिन्यांत सगळ्यात जिवंत वाटला. पायऱ्या शंभराहून जास्त आहेत, पण चढ सावकाश आहे. गुडघे दुखत असतील तर दक्षिणेला लिफ्ट आहे.

आता माझी फजिती. मी दक्षिणेच्या दाराशी चपला काढल्या, तिथल्या फळीवर ठेवल्या, वर गेलो, तीन तास फिरलो आणि समोर जो जिना दिसला तो उतरलो. खाली आल्यावर चपलांची फळीही दिसली, पण माझ्या चपला नाहीत. चोरीला गेल्या म्हणून हळहळत उभा होतो. मग लक्षात आलं, की समोरचे सिंह वेगळे आहेत. मी पूर्वेला उतरलो होतो. पुन्हा सगळ्या पायऱ्या चढायच्या की टेकडीला बाहेरून वळसा घालायचा? मी वळसा घेतला, तापलेल्या डांबरावरून, अनवाणी. त्या रात्री हॉटेलात बादलीत पाय घालून बसलो होतो.

म्हणून ती पिशवी. चपला पिशवीत घालून पाठीवर टाका, मग कुठूनही उतरा. आणि वर पोचल्या पोचल्या मागे वळून आपल्या जिन्याच्या तोंडाचा फोटो काढा. वरून चारही तोंडं सारखीच दिसतात.

परदेशी माणसाला तिकीट असतं, बर्मी भाविकाला नसतं. दर बदलत असतो. मिळणारं स्टिकर सदऱ्यावर लावून ठेवा, मध्येच कुणी विचारू शकतं.

६. अनवाणी म्हणजे अनवाणी

चपला वर पोचल्यावर नाही, जिन्याच्या तळाशीच काढायच्या. मोजेही चालत नाहीत. पायाला मधुमेहाचा त्रास किंवा जखम असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

या नियमामागे मोठी लढाई आहे. १८२४ आणि नंतर १८५२ साली इंग्रजांनी ही टेकडी काबीज करून तिची छावणी केली, आणि लष्कराने जागा पूर्ण सोडली ती १९२९ साली. त्या काळात युरोपीय लोक फरशीवर बूट घालून हिंडत. बर्मी बौद्धांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. लेडी सयाडॉ या बर्मी भिक्खूंनी पॅगोड्यावर पादत्राणं घालणं कसं अनुचित आहे, यावर लिहिलं. विपश्यनेच्या शिबिरात आचार्यपरंपरेत हे नाव ऐकलंय ना, तेच हे. अखेर १९१९ साली सरकारला पादत्राणांचा नियम ठरवण्याचा अधिकार विहारांच्या प्रमुख भिक्खूंकडे द्यावा लागला. तेव्हा दाराशी कुणी मोज्यांकडे बोट दाखवलं तर कपाळाला आठ्या घालू नका.

कपडे: गुडघे आणि खांदे झाकलेले. पुरुषांनी हाफ पँट घालू नये. दाराशी लुंगीसारखी लोंजी अनामत घेऊन देतात, पण रांग असते. कुर्ता-सलवार, साडी, साधी पँट, सगळं चालतं. बुद्धाचं चित्र असलेला टी-शर्ट अजिबात नको, आणि अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर झाकून घ्या. हा सल्ला शिष्टाचाराचा नाही. म्यानमारमध्ये धर्माच्या अवमानाचा गुन्हा लागतो आणि परदेशी लोकांना त्यात तुरुंगवास झालेला आहे.

७. वर पोचल्यावर डावीकडे वळा

म्हणजे स्तूप तुमच्या उजव्या हाताला राहील. प्रदक्षिणेचा नियम आपलाच आहे, समजवायला नको. गंमत अशी, की परदेशी पर्यटक उलटे फिरताना दिसतात आणि कुणी त्यांना हटकत नाही. आपण हटकायचा मोह आवरावा.

पहिली फेरी नुसती चाला. फोन खिशात. स्तूप साधारण ९९ मीटर उंच आहे आणि तोही टेकडीच्या डोक्यावर, त्यामुळे मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. खालचा भाग सोन्याच्या वर्खाने मढवलेला, वरच्या भागावर सोन्याचे पत्रे ठोकलेले, आणि टोकाला छत्री. तिला ठी म्हणतात. त्याच्याही वर रत्नांनी मढवलेला ध्वज आणि अगदी शेंड्याला हिऱ्यांचा गोळा, ज्यातला सगळ्यात वरचा हिरा ७६ कॅरटचा.

कथा अशी. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धाला पहिलं अन्न दिलं ते तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापारी भावांनी. बर्मी लोक त्यांना आपल्या भूमीचे मानतात. बुद्धाने त्यांना आठ केस दिले आणि ते या सिंगुत्तर टेकडीवर, गौतम बुद्धाच्या आधी होऊन गेले असं मानतात त्या तीन बुद्धांच्या वस्तूंबरोबर पुरले गेले. इतिहासाचे अभ्यासक स्तूपाची सुरुवात इथल्या मोन नावाच्या लोकांच्या काळात, सहाव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान धरतात. पंधराव्या शतकात शिन सॉबू नावाच्या राणीने स्वतःच्या वजनाइतकं सोनं इथे दिलं. आपल्याकडच्या तुलादानाची आठवण होतेच. १७६८ च्या भूकंपात शेंडा कोसळला, त्यानंतर सिनब्यूशिन राजाने स्तूप आजच्या उंचीला नेला.

दुसऱ्या फेरीत थांबत जा. दक्षिणेहून निघालात तर वाटेत मुद्दाम बघायच्या गोष्टी या:

पश्चिमेला "दोन पैशांचा मंडप" आहे. खरंच दोन पैसे. इंग्रज अमलात तिथेही आपलंच नाणं चालत होतं. १९३१ च्या आगीत पश्चिमेची बाजू जळाली आणि लोकांनी रोजचे दोन-दोन पैसे वर्गणी काढून काम उभं केलं. मला सोन्याच्या स्तूपापेक्षा या मंडपापाशी जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं.

वायव्येला सिंगू राजाची घंटा, अठराव्या शतकाच्या अखेरीची, वजन तेवीस टनांच्या आसपास. १८२५ साली इंग्रजांनी ती कलकत्त्याला न्यायला उचलली आणि ती यांगून नदीत बुडाली. त्यांना ती वर काढता येईना. मग बर्मी लोकांनी मागितली, बुडी मारून खाली बांबूच्या मोळ्यांवर मोळ्या बांधल्या आणि घंटा तरंगत वर आली. लाकडी दांडक्याने ती वाजवता येते. लोक तीनदा वाजवतात. कडेला नाही, बाहेरच्या बाजूला जिथे झिजलेला गोल दिसतो तिथे ठोका द्या. आवाज कानाला कमी आणि तळपायाला जास्त लागतो. ईशान्येला याहूनही मोठी, ४२ टनांची, थारावडी राजाने १८४१ मध्ये दिलेली घंटा आहे.

बोधगयेच्या महाबोधी मंदिराची छोटी प्रतिकृतीही या गर्दीत दिसेल. परदेशात अचानक गावचा माणूस भेटावा तसं झालं मला.

बाकी मंडप, मूर्ती, आरशांची नक्षी, लाकडी कोरीवकाम यांचा हिशोब ठेवू नका. मूर्तींच्या मागे लुकलुकणारी रंगीत एलईडी प्रभावळ बघून काहींना धक्का बसतो. गणपती मंडळांत वाढलेल्या माणसाला बसू नये.

८. आपल्या वाराच्या स्थानी पाणी

तुमची दिशा शोधा. छोटी बुद्धमूर्ती, खाली तुमचा प्राणी, शेजारी पाण्याचा हौद आणि वाट्या. पाटीवर वार इंग्रजीतही लिहिलेला असतो. हात जोडा, फूल ठेवा, आणि वाटीने मूर्तीवर, मग प्राण्यावर पाणी घाला. किती वाट्या? कुणी तीन-पाच घालतात, कुणी वयाहून एक जास्त. माझ्या शेजारी एक आजीबाई मोजून घालत होत्या, साठाच्या पुढे कुठेतरी त्यांचा आकडा चुकला, तशा त्या स्वतःशीच हसल्या आणि पुन्हा एकपासून सुरू झाल्या. मागच्यांनी हूं की चूं केलं नाही.

फुलांबरोबर हिरव्या पालवीची जुडी मिळते, थब्ये म्हणतात, जांभळाच्या कुळातली. विजयाचं, शुभाचं चिन्ह. घेऊन वाहा.

इथला सापळा: काही गोड बोलणारी माणसं तुमचा वार विचारून, हाताला धरून योग्य कोपऱ्यात नेतात, मंत्र म्हणतात आणि शेवटी देणगी सांगतात. वार आणि दिशा पाठ असेल तर "जेझू बे", म्हणजे धन्यवाद, एवढं म्हणून पुढे जाता येतं. खरोखर मार्गदर्शक हवा असेल तर आधी रक्कम ठरवा. दान करायचं तर पेटीत टाका.

९. मग बसा

हे पाऊल बहुतेकजण गाळतात. फरशीवर एखाद्या मंडपात भिंतीला पाठ लावून अर्धा तास बसा. पाय पोटाशी किंवा मागे दुमडून. तळवे मूर्तीकडे येता कामा नयेत. इथे कुटुंबं डबे उघडून बसतात, पोरं घसरगुंडी खेळतात, कुणी ध्यानात, कुणी झोपेत. संध्याकाळी झाडूवाल्यांची ओळ येते. हे नोकर नसतात. पुण्य म्हणून आलेले स्त्री-पुरुष लांब दांड्यांचे झाडू घेऊन खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि एका ठेक्यात फरशी झाडत पुढे सरकतात. ओळ जवळ आली की उठून बाजूला व्हा.

१०. अंधार पडला की हिरा शोधा

दिवे लागल्यावर शेंड्याचा हिरा खालून दिसतो, पण कुठूनही नाही. फरशीवर ठरावीक खुणेच्या जागा आहेत. तिथे उभं राहून वर बघितलं तर एक ठिपका पिवळा दिसतो, पाऊलभर सरकलं की निळा, आणखी सरकलं की हिरवा, मग लाल. मला काहीच दिसेना तेव्हा लोंजीतल्या एका गृहस्थाने मागून दोन्ही खांदे धरले आणि फर्निचर सरकवावं तसं मला वीतभर उजवीकडे सरकवलं. लाल ठिणगी डोळ्यांत घुसली. मी ओरडलोच. त्याने पैसे मागितले नाहीत, तो पुढच्या माणसाला सरकवायला गेला.

जागा सापडली नाही तर जिथे तीन-चार माणसं एकाच ठिकाणी मान वर करून डुलताना दिसतील तिथे रांग लावा. ढगाळ रात्री फार आशा नको. मग तिथल्या छायाचित्रांच्या दालनात शेंड्याचे जवळून काढलेले फोटो बघा.

११. न करायच्या गोष्टी, थोडक्यात

मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. भिक्खूंना, विशेषतः स्त्रियांनी, स्पर्श करू नये. स्तूपाच्या वरच्या पायरीसारख्या कट्ट्यावर स्त्रियांना जाऊ देत नाहीत, तशी पाटीच आहे. मला ती पटली नाही; बरोबरच्या बहिणीला तर नाहीच. पण तिथे वाद घालून काही बदलत नाही. सैनिक, पोलीस, तपासणी नाके यांचे फोटो नकोत. ड्रोन तर घरीच ठेवा. राजकारणावर टॅक्सीवाल्याशीही बोलू नका. तुम्ही चार दिवसांनी परत येणार, त्याला तिथेच राहायचं आहे.

१२. उतरल्यावर

चपला घालण्याआधी ओल्या टिश्यूने तळवे पुसून घ्या, टिश्यू काळेठिक्कर निघतील. वेळ उरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर नक्कीच, पॅगोड्याच्या दक्षिणेला जवळच बहादूरशहा जफरचा दर्गा आहे तिथे जा. शेवटचा मुघल बादशहा इंग्रजांच्या कैदेत ७ नोव्हेंबर १८६२ रोजी इथे वारला आणि त्याला इतकं गुपचूप पुरलं, की कबरीची खरी जागा १९९१ साली खोदकामात सापडली. टॅक्सीवाल्याला बादशहाचं नाव सांगून कळेलच असं नाही. नकाशावर खूण करून फोन पुढे करा, आणि परतीची टॅक्सी ठरवूनच आत जा, कारण त्या गल्लीत पुन्हा गाडी मिळायला मला वीस मिनिटं लागली.